‘हातवारे शिकवले तर तो बोलायचाच नाही’: लालबागच्या एका आईला उत्तर

प्रश्न: माझा मुलगा २ वर्षं ८ महिन्यांचा आहे. डाउन सिंड्रोम आहे. चालायला लागलाय, आम्ही बोलतो ते बरंचसं त्याला कळतं, पण अजून एक शब्दही बोलत नाही. कुकरची शिट्टी झाली की खेळ टाकून येतो, कुकरकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि हात वर करतो. थेरपिस्टनी खुणा आणि चित्रांचा तक्ता सुरू करायला सांगितलाय. सासूबाई म्हणतात, हातवारे शिकवले तर तो बोलायचाच नाही. प्लेस्कूलवाले म्हणतात, घरी फक्त इंग्रजी बोला, मराठीमुळे त्याचा गोंधळ होतो. आठवड्याला दोन सेशनच्या वर आम्हाला जमत नाही, पैशानंही आणि प्रवासानंही. कोणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नातली कुकरची ओळ मी दोनदा वाचली. ‘एक शब्दही बोलत नाही’ असं लिहून लगेच पुढे तुम्ही तो काय बोलतो तेच लिहिलंय.

शिट्टी ऐकून तो नुसता कुकरकडे बघत राहिला असता तर त्याला आवाज ऐकू आला, एवढंच म्हणता आलं असतं. पण तो तुमच्याकडे वळतो. म्हणजे तो तुम्हाला सांगतोय, ‘आई, ऐकलंस का? वाजलं!’ एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून लक्ष देणं, आणि दुसऱ्याचं लक्ष आहे ना हे तपासून बघणं, याला आमच्या वाचा-उपचारात संयुक्त अवधान म्हणतात. साधारणपणे बाळं नवव्या ते बाराव्या महिन्यात हे करू लागतात, वर्षाच्या आसपास बोट दाखवू लागतात, आणि शब्द येतात ते याच पायावर. तुमच्या मुलात हा पाया तयार आहे. माझ्याकडे येणाऱ्या काही मुलांमध्ये एवढ्यासाठीच आम्हाला महिनोन्‌महिने काम करावं लागतं.

आता त्या क्षणी घरात काय होतं ते मला साधारण माहीत आहे, कारण बहुतेक घरांत तेच होतं. सगळे त्याच्याभोवती जमतात. ‘बोल बाळा, शिट्टी. म्हण, शि-ट्टी. म्हण ना रे.’ आणि तो गप्प होतो, मान वळवतो, निघून जातो. त्यानं आपण होऊन एक गोष्ट सांगितली होती आणि आपण त्याची परीक्षा घेतली.

भांडुपच्या एका आईनं मला मुलासोबत खेळतानाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ आणून दाखवला होता. आम्ही दोघींनी मिळून त्यातले प्रश्न मोजले. एकोणतीस निघाले. ‘हे काय आहे? गाडीचा रंग कुठला? भूभू कसा करतो? चाकं किती?’ मधेच मुलानं गाडी उचलून तिच्या हातात दिली होती. तिनं ती बाजूला ठेवली आणि म्हणाली, ‘आधी सांग, रंग कुठला?’ व्हिडिओ त्या जागी आल्यावर तिनं स्वतःच थांबवला, मागे नेला, पुन्हा बघितला. ‘तो मला देत होता,’ म्हणाली. त्यानंतर मला फारसं काही शिकवावं लागलं नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: ‘बोल’ आणि ‘म्हण’ हे दोन शब्द महिनाभर घरातून हद्दपार करा. तो कुकरकडे बघून तुमच्याकडे वळला की तुम्ही खाली बसा, तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर येऊ द्या, त्याच्यासारखाच हात वर करा आणि म्हणा, ‘शिट्टी! वाजली शिट्टी!’ मग थांबा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. दहा म्हणजे खरंच दहा. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना ऐकलेलं पचवून उत्तर द्यायला जास्त वेळ लागतो आणि आपण दोन सेकंदांत पुढचं वाक्य सुरू करतो. त्या दहा सेकंदांत तो हसेल, पुन्हा हात वर करेल, ‘ई’ असा आवाज काढेल किंवा काहीच करणार नाही. काहीही केलं तरी ते उत्तर समजा आणि पुढे बोला.

खुणांकडे यायच्या आधी कानांचं बोलते. जन्मल्यावर तपासणीत ‘पास’ असा शेरा मिळाला असेल, तरी तेवढ्यावर राहू नका. या मुलांच्या कानाचे मार्ग अरुंद असतात आणि पडद्यामागे चिकट द्राव साचण्याचं प्रमाण बरंच असतं. दुखत नाही, वाहत नाही, ताप येत नाही, त्यामुळे घरात कोणाला कळत नाही. पण मूल जणू कानात बोळे घालून बसल्यासारखं ऐकत असतं. कुकर ऐकू येतो, ‘स’ आणि ‘त’ मधला फरक येत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान बघून घ्या, टिंपॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का, मागे द्राव आहे का याची तपासणी) करून घ्या, गरज वाटली तर ते बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का याची तपासणी) सांगतील. ही तपासणी नायर रुग्णालयाच्या ऑडिओलॉजी विभागात होते, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेतही होते. १९८३ पासूनची ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि खर्च खासगीच्या मानानं खूपच कमी. थायरॉइडची रक्ततपासणीही दरवर्षी चुकवू नका. थायरॉइड कमी असला की मूल मंद, झोपाळलेलं राहतं आणि आपण थेरपीला दोष देतो.

आता सासूबाई. त्यांची भीती मी गेली सव्वीस वर्षं ऐकतेय आणि ती मला कधीच खुळी वाटली नाही. नातवानं बोलावं एवढंच त्यांना हवंय. त्यांना एकदा विचारा: ‘बाप्पाला जय कर’ कोणी शिकवलं? ‘टाटा कर’, ‘पापा दे’, ‘भात संपला, दाखव बरं’, हे कोणी शिकवलं? त्यांनीच शिकवलं असणार. या सगळ्या खुणाच आहेत. आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या बाळांना आधी खुणा शिकवत आल्या, मग शब्द आले. कोणतंही मूल ‘टाटा’ करायला शिकलं म्हणून बोलायचं राहिलं नाही. थेरपिस्ट तेच सांगताहेत, फक्त थोड्या जास्त खुणा आणि थोडे जास्त दिवस.

यामागचं कारणही सांगते. बोलताना श्वास, स्वरयंत्र, जबडा, जीभ, ओठ या सगळ्यांची वेळ सेकंदाच्या लहानशा भागात जुळावी लागते. या मुलांचे स्नायू सैल असतात, तोंडातली जागा लहान असते. हात तोंडाच्या आधी ताब्यात येतात. शिवाय ऐकलेलं लक्षात ठेवण्यापेक्षा पाहिलेलं लक्षात ठेवणं त्यांना सोपं जातं. डोक्यात सांगायला बरंच काही आणि तोंड तयार नाही, अशी दोन-तीन वर्षं जातात. त्या काळात वाट मोकळी नसेल तर मूल ओरडतं, ढकलतं, चावतं किंवा प्रयत्नच सोडून देतं. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हे शेवटचं झालं की.

अभ्यासही झालेले आहेत. मिलर, लाइट आणि श्लॉसर या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. खुणा, चित्रं किंवा यंत्र वापरणाऱ्या ज्या २७ जणांची माहिती सगळ्यात भरवशाची होती, त्यांच्यात एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ११ टक्क्यांमध्ये फरक पडला नाही, ८९ टक्क्यांचं बोलणं वाढलं. वाढ बऱ्याच जणांत छोटी होती, हेही खरं. खुणा म्हणजे जादू नव्हे. पण बोलणं अडल्याचा पुरावा मात्र त्यात नाही. शब्द तोंडात बसला की मुलं ती खूण आपोआप सोडतात, कारण हात खेळायला हवे असतात.

खूण करताना शब्द तोंडानं बोलायचाच. मुकी खूण करू नका. पूर्ण वाक्य बोला आणि त्यातल्या एका मुख्य शब्दाची खूण करा. त्याचे हात धरून जबरदस्तीनं खूण करवून घेऊ नका, तुम्ही करत राहा. घरातल्या सगळ्यांची खूण सारखी हवी. आई एक, बाबा दुसरी, असं झालं तर त्याच्यासाठी ते दोन शब्द झाले. भारतीय सांकेतिक भाषेतल्या खुणा घेतल्या तर उत्तम, पुढे शाळेतही उपयोगी पडतात.

शब्द निवडताना पालक नेहमी चुकतात आणि बऱ्याच प्लेस्कूलही. लाल, निळा, त्रिकोण, एबीसीडी यांनी त्याचं कुठलं काम होणार आहे? त्याला रोज लागणारे शब्द घ्या: अजून, नको, दे, उघड, संपलं, चल, ये, आई, आजी, भूर, आणि त्याच्या सगळ्यात लाडक्या दोन-तीन वस्तू. यात ‘नको’ला मी फार मान देते. न आवडलेली भाजी, न आवडलेला स्पर्श, नकोसा पाहुणा, सगळ्याला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे आणि त्यानं ‘नको’ म्हटल्यावर ते ऐकलंही गेलं पाहिजे. हे मूल मोठं होणार आहे, आपण कायम त्याच्या शेजारी नसणार. रोज निदान चार-पाच वेळा त्याचं ‘नको’ चालू द्या.

संधी तयारही करता येते. बिस्किटं घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा आणि डबा त्याच्या हातात द्या. तो झटेल, मग तुमच्याकडे बघेल. ‘उघड’ म्हणत खूण करा आणि लगेच उघडा. अर्धंच बिस्किट द्या, म्हणजे ‘अजून’ची वेळ येईल. पण त्याला रडवून शब्द काढू नका. रडणाऱ्या मुलाला शिकता येत नाही. एकदा खूण दाखवलीत, दहा मोजले, नाही आली, तरी बिस्किट द्यायचं.

भाषेबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथे मी स्वतः चूक केलेली आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्हीही सांगायचो, ‘एकच भाषा ठेवा.’ शिवडीच्या एका मुलाची आजी मालवणीत बोलायची. मी तिला म्हटलं, आजी, तुम्ही याच्याशी प्रमाण मराठीत बोला, त्याची आई बोलते तसं. आजींनी मान डोलावली. पाच-सहा महिन्यांनी त्यांच्या घरी गेले तर आजी मुलाला मांडीवर घेऊन गप्प बसलेल्या. सूनबाई म्हणाली, ‘चुकेल म्हणून त्या बोलतच नाहीत हल्ली.’ दिवसभर त्या मुलाच्या सगळ्यात जवळ असलेलं माणूस माझ्या सल्ल्यामुळे मुकं झालं होतं. मी त्यांचे पाय धरले. ‘काय रे झिला’ हे त्या घरात पुन्हा ऐकू यायला दोन आठवडे लागले.

डाउन सिंड्रोम असलेली, ऑटिझम असलेली मुलं दोन भाषांच्या घरात वाढली तर एका भाषेच्या घरातल्या मुलांपेक्षा मागे पडतात, असं संशोधनात आढळलेलं नाही. मुंबईतल्या मुलाच्या कानावर मराठी, हिंदी, इंग्रजी पडणारच. प्लेस्कूलमध्ये इंग्रजी असू दे. घरी मराठीच बोला, कारण तुम्ही रागावता, लाड करता, गप्पा मारता ते मराठीत. तोडक्या इंग्रजीत ‘ईट, सिट, कम’ एवढंच उरतं आणि मूल भाषा शिकायचं सोडून हुकूम ऐकायला शिकतं.

आणि मराठीनं आपल्याला एक खजिना दिलाय. मंमं, दुदू, बाऊ, भूर, जोजो, माऊ, चिऊ, काऊ, हम्मा. उच्चारायला बघा किती सोपे! बरेचसे शब्द ओठांनी किंवा जिभेच्या टोकानं होणारे, एकच अवयव पुन्हा पुन्हा, शेवटी उघडा स्वर. आवाज कुठे तयार होतो ते मुलाला समोर दिसतं. उच्चारांचा पहिला टप्पा म्हणून आम्ही जे शब्द मुद्दाम निवडतो, ते आजीच्या तोंडात आयते असतात. ‘बाळबोली बोलू नका, भाषा बिघडेल’ असं कोणी म्हटलं तर सोडून द्या. तळहातावर बोट फिरवत मोराला दाणा-पाणी द्यायचा खेळ, चिमणीचं दार वाजवणाऱ्या कावळ्याची गोष्ट, हे रोज करा. दहा वेळा तीच ओळ झाली की अकराव्या वेळी शेवटच्या शब्दाआधी थांबा आणि त्याच्याकडे बघा. सासूबाईंना हे काम द्या. माझ्यापेक्षा त्या ते चांगलं करतील.

चित्रांच्या तक्त्याला खर्च नाही. घरातल्याच वस्तूंचे, माणसांचे फोटो काढा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून लॅमिनेट करून घ्या. सुरुवातीला सहा ते नऊ चित्रं पुरेत. चित्राखाली देवनागरीत ठळक शब्द लिहा. या मुलांची पाहण्याची ताकद चांगली असल्यानं पुढे वाचन त्यांना बोलायला मदत करतं, तेव्हा अक्षरांवर नजर आतापासून पडू दे. एक तक्ता स्वयंपाकघरात त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक पिशवीत. आणि आधी तो तुम्ही वापरायचा. ‘चल, भूर जाऊ’ म्हणताना तुम्ही ‘भूर’वर बोट ठेवा. ‘दाखव, दूध कुठेय?’ असं विचारलंत की तक्त्याचीही परीक्षा झाली. रुसला, रागावला म्हणून तक्ता काढून घेऊ नका, ते त्याचं तोंड आहे. पुढे फोनवर हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे.

काही गोष्टींवर वेळ घालवू नका. शिट्ट्या फुंकणं, मेणबत्ती विझवणं, जिभेचे व्यायाम यांनी बोलणं येतं याला आधार नाही. सेशनचा अर्धा वेळ त्यात जात असेल तर थेरपिस्टना आदरानं विचारा. ‘जीभ जड आहे’ म्हणून जिभेखालचा पडदा कापून भाषा येत नाही. वेखंड उगाळून जिभेला लावू नका. टीव्ही-मोबाइलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय. माझ्या मते जेवताना अजिबात नको, कारण बोलण्याची सगळ्यात सोपी वेळ तीच.

दोन सेशनच्या वर जमत नाही याचं मनाला लावून घेऊ नका. दोन सेशन म्हणजे दीड तास. तो आठवड्यात जागा असतो साधारण ऐंशी तास. आंघोळ, कपडे, जेवण, जिना, बस, देवापुढची उदबत्ती, हे तुमच्या हातात आहे. दीड तासातला निम्मा वेळ थेरपिस्टनी तुम्हाला शिकवण्यात घालवावा असं त्यांना सांगा. दाराबाहेर बसवून ठेवत असतील तर ठिकाण बदला. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का तेही बघा, विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर अर्ज करा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो.

हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी थोडंसं. ऑटिझममध्ये मूल ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणत असेल तर त्याला गप्प करू नका, त्यातून ते काहीतरी सांगतंय. आलेले शब्द गेले असतील तर एक आठवडाही वाट न बघता विकास-बालरोगतज्ज्ञ गाठा. सेरेब्रल पाल्सीत (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा राहत नाही) हातही साथ देत नसतील तर नजरेनं निवड करता येते. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी सुरू केलेल्या संस्थेमागे सेरेब्रल पाल्सी असलेली त्यांची मुलगी मालिनी छिब होती. तिचं बोलणं फार कमी लोकांना समजायचं, तरी तिनं एका बोटानं टाइप करून लंडनच्या दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या.

तुमचा मुलगा कधी बोलेल हे मी सांगणार नाही, कोणी छातीठोक सांगितलं तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. डाउन सिंड्रोममध्ये पहिला शब्द कोणाचा दुसऱ्या वर्षी येतो, कोणाचा चौथ्या-पाचव्या. उच्चार अस्पष्ट राहू शकतात, आणि म्हणूनही खुणा हाताशी हव्यात.

या आठवड्यात तीनच गोष्टी करा. कानाच्या तपासणीची तारीख घ्या. ‘अजून’, ‘नको’ आणि ‘उघड’ या तीन खुणा घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्या, सासूबाईंसह. आणि एक साधी वही करा. तो आपण होऊन जे जे सांगतो ते त्यात लिहा: वेळ, त्यानं काय केलं, त्याला काय म्हणायचं होतं, तुम्ही काय केलंत. कुकरची शिट्टी पहिल्या पानावर लिहा. पंधरा दिवसांनी ती वही थेरपिस्टच्या टेबलावर ठेवा आणि पुढचे शब्द त्यातूनच निवडायला सांगा.